खिळ्यावरची हँडलं

आमच्या दुकानात भाड्याने द्यायची डिझेल इंजिनं सहा होती. मी तिथे चार वर्षं काम केलं, पण सहाही इंजिनं एका जागी कधी पाहिली नाहीत. दुकानात असायची ती फक्त त्यांची हँडलं. दारातून आत आलं की डाव्या भिंतीवर खिळ्यांची एक ओळ होती, तिथे ती टांगलेली असत.

हँडल म्हणजे हातभर लांबीचा, दोनदा वाकवलेला लोखंडी दांडा. तो इंजिनाच्या चाकाजवळच्या खाचेत अडकवायचा, जोर लावून फिरवायचा, आणि इंजिन फटफट करायला लागलं की काढून घ्यायचा. हँडल नसेल तर इंजिन म्हणजे नुसता धोंडा. मालकांनी याच गोष्टीवर सगळा धंदा उभा केला होता. इंजिन आणि त्याला जोडलेला पंप मिळून एवढं वजन की उचलायला चार माणसं लागतात. ते गावाहून दुकानात आणा, मग पुन्हा दुसऱ्या गावाला पाठवा, त्यापेक्षा शेवटच्या गिऱ्हाइकाच्या वावरातच राहू द्यायचं. त्यानं फक्त हँडल आणून द्यायचं. पुढच्या गिऱ्हाइकाने ते हँडल घ्यायचं, त्या वावरात जायचं आणि बंडीत, म्हणजे बैलगाडीत टाकून इंजिन आपल्याकडे न्यायचं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ही युक्ती हुशारीची वाटली. होतीच. फक्त तिला चांगली आठवण असणारा माणूस लागतो, आणि आमच्या मालकांना सकाळचं संध्याकाळी आठवत नसे.

दुकान मारेगावात, रस्त्यालगत. इंजिनांखेरीज फवारणीचे पंप, ताडपत्र्या, शिड्या आणि एक मळणीयंत्र होतं. मला कामावर घेताना मालकांनी एकच विचारलं, "ताई, अक्षर कसं हाय?" मी लिहून दाखवलं. त्यांनी जाडजूड रजिस्टर आणून ठेवलं, मी त्यात रोज लिहीत गेले, आणि ते त्यांनी कधीही उघडलं नाही. ते इंजिन कबूल करायचे ते मोबाइलवर, पानटपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत, लग्नाच्या पंगतीत. कोणी मागितलं की "घेऊन जा नं". भाड्याने वस्तू देणाऱ्याचं मुख्य काम नाही म्हणणं हे आहे. मालकांना नाही म्हणता येत नव्हतं. माणूस म्हणून ते फार चांगले होते.

कापसाची ती वाईट वर्षं होती. बाहेरगावच्या पत्रकारांच्या गाड्या दुकानासमोर थांबायच्या, काचा खाली करून माणसं अमुक गावाचा रस्ता विचारायची आणि चेहरा पाडून निघून जायची. मालक त्यांनाही विचारायचे, "इंजिन पायजे काय?" आम्हाला चेहरे पाडायला वेळ नव्हता. दिवसा वीज नसायची. रात्री यायची तेव्हा इतकी कमी दाबाची की मोटारी जळायच्या. त्यामुळे हिवाळ्यात इंजिनांना मागणी फार. मला ते काम आवडायचं. दाराशी टेबल होतं, समोरून चहा यायचा, दिवसभर माणसं यायची आणि बोलायची. घरी सासूबाई मुलांना सांभाळत. मी सकाळी दहाला साडीला पिन लावून निघायचे ती सहाला परत. सुखाचे दिवस होते, आणि ते तसे आहेत हे मला तेव्हाही कळत होतं.

शेजारी एका मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. हँडल कोणाकडे राहिलं, नाल्यात पडलं, की मालक चाचांकडून दुसरं करून घ्यायचे. मग पहिलंही सापडायचं. असं करत एकेका इंजिनाची दोन दोन, तीन तीन हँडलं झाली. काही खिळ्यावर, काही लोकांच्या घरी, 'राहू दे, कामी येईल' म्हणून. वर चाचा माप न घेता, आठवणीने करत. एकदा मी एक हँडल त्यांच्यापुढे धरलं आणि विचारलं, "चाचा, हे कोणत्या इंजिनाचं?"

त्यांनी चष्मा वर केला. "जिसको लगेगा, उसका, बाई."

हे सगळं एका बाईच्या गव्हावर येणार होतं.

तिचं गाव दुकानापासून काळी-पिवळी जीपने अर्ध्या तासावर. नवरा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, पंधरा दिवसांनी घरी येणार. शेती तीच करायची, पण कोणत्या वावरात काय पेरायचं ते तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ ठरवायचा. तो दरवर्षी कापूसच, पऱ्हाटीच सांगायचा. त्या वर्षी दोन वेचे झाल्यावर तिने उभी पऱ्हाटी उपटली आणि गहू पेरला. गाव हसलं. भासरा हसला नाही. त्याने चारचौघांत सांगितलं, "यंदा तुह्या मनानं कर. गहू आला त वावर तुह्याकडे. नाई आला त पुढच्या सालापासून मी पाहीन." हे तिने मला दुकानात इंजिन ठरवायला आली तेव्हा सांगितलं, टेबलाच्या कडेला बोट टेकवून, तक्रार न करता. संक्रांत होऊन गेली होती. गहू ओंबीवर आला होता आणि तिच्या विहिरीवरची मोटार जळाली होती. वाइंडिंगवाल्याकडे रांग होती. चार दिवसांत एक पाणी मिळालं नाही तर दाणा भरणार नव्हता.

मी रजिस्टर पाहिलं. मंगळवारी एक इंजिन मोकळं होतं. "उद्या मंगळवारी घेऊन जा," मी म्हटलं. शब्द माझा होता, मालकांचा नव्हता, म्हणून ती निर्धास्त गेली.

मंगळवारी मी पोचले तर ती सकाळी नऊपासूनच पायरीवर बसली होती. मी हँडल काढलं आणि इंजिन कुठे आहे ते विचारायला मालकांकडे वळले. ते केळापूरला देवीला निघाले होते, एक पाय मोटारसायकलवर.

"हँडल हाय नं खिळ्यावर? मंग इंजिन रिकामंच हाय."

"भाऊ, पण हाय कुठी?"

"असंन थ्याच गावाच्या आंगानं. इंजिनाले का पाय हायत, ताई?" आणि गेले.

रजिस्टरात शेवटची नोंद तिच्याच गावाकडच्या एका म्हाताऱ्याची होती. मी हँडल कापडी पिशवीत टाकलं, दुकानाची किल्ली चाचांकडे दिली आणि तिच्याबरोबर काळी-पिवळीत बसले. पिशवी मांडीवर घेतली तर शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय बाप्पा एवढं जड?" मी म्हटलं, "इंजिन." ती जरा सरकून बसली.

म्हातारा तुरीच्या वावरात होता. "थे त आठ दिवस झाले गेलं," तो म्हणाला. "तुमच्या मालकाचाच फोन होता. म्हणे, येणाऱ्याले द्या. मी देल्लं."

"कोणाले?"

"जो आला त्याले."

'जो आला तो' आणखी दोन वावरं पुढे होता. तो वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून भाकरी खात होता. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, गव्हावालीकडे पाहिलं. "पऱ्हाटीवर रुसली थे बाई तूच काय?"

"रुसली नाई. काडीमोड घेतली," ती म्हणाली. "इंजिन कुठी हाय थे सांगा."

"आवाज येऊन राह्यला नाई काय?"

आम्ही कान दिला. नाल्याच्या बाजूने फटफट ऐकू येत होतं.

नाल्याच्या काठावर दोन भाऊ पाणी देऊन हरभरा ओलत होते. इंजिन आमचंच होतं, टाकीला मी दिवाळीआधी चिकटवलेली दुकानाच्या नावाची पट्टी अजून होती. मोठा भाऊ पाण्याजवळ उभा होता. त्याने आदराने विचारलं, "या बाई. तुम्ही दुकानातल्या नं?"

"हे इंजिन आज यांचं हाय," मी म्हटलं आणि पिशवीतून हँडल काढून दाखवलं. "हँडल माह्यापाशी हाय."

त्याने मागच्या बाभळीकडे बोट केलं. फांदीला तसंच एक हँडल लटकत होतं. "आन् माह्यापाशीबी."

ते त्याच्याकडे मागच्या वर्षीपासून होतं. इंजिन शेजारच्या वावरात रिकामं दिसलं, घरी हँडल होतंच, त्याने आणलं. चोरी म्हणावी असं त्याला त्यात काही दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही दिसलं नाही. आमच्या धंद्याचा नियमच तो होता, ज्याच्या हातात हँडल त्याचं इंजिन.

आणखी एक रीत होती. चालतं इंजिन दुसऱ्याने बंद करायचं नाही. टाकीतलं डिझेल ज्याचं, त्याचं ते संपेपर्यंत चालायचं. संपलं आणि इंजिन थांबलं की मग पुढचा. त्यामुळे बंद करा म्हणता येत नव्हतं. मात्र टाकी संपत आली की हा चालत्या इंजिनातच पुन्हा डिझेल ओतणार आणि आम्ही असेच उभे राहणार, हे उघड होतं. मी इकडेतिकडे पाहिलं. बाभळीखाली त्याचा डिझेलचा पत्र्याचा डबा होता, झाकण लावलेला, बसायला बरोबर उंचीचा. मी जाऊन त्यावर बसले.

दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत राहिले. परक्या बाईला ऊठ म्हणणं त्यांच्यात नव्हतं आणि डबा ओढून घेणं तर नव्हतंच. धाकट्याने तीन दगडांवर काळा चहा मांडला. आम्हा दोघींना दिला. गव्हावाली जमिनीवर बसून हरभऱ्याकडे पाहत होती.

अर्ध्या तासाने मोठा म्हणाला, "बाई, तुम्ही तिकडं सावलीत बसता काय?"

"हीबी सावलीच हाय."

"नाई, पत्रा तापते नं."

"मले चालते."

धाकटा हसायला लागला. "दादा, टाकी पाहा बरं."

"तू पाह्य. मले कायले सांगतं?"

"मी पाह्यली. म्हणूनच सांगून राह्यलो."

मोठ्याने मग सरळ माझी चौकशी सुरू केली. माहेर कुठलं, मुलं कितवीत, आमच्या घरी शेती किती. मी सगळ्याची उत्तरं दिली. माझ्या मावशीचं सासर त्याच्या बहिणीच्या गावात निघालं. एवढं नातं निघाल्यावर डबा मागणं आणखीच अवघड झालं, हे त्याच्याही लक्षात आलं. दुपार उतरायला लागली तसं इंजिन खोकलं, दोनदा अडखळलं आणि थांबलं. दांडातलं, म्हणजे पाटातलं पाणी हळूहळू बसलं.

मी उठले नाही. बसल्याबसल्या पिशवीतलं हँडल पुढे केलं. "लावा," मी म्हटलं. "एकदा फिरवून पाहा, मंग बंडीत टाकू."

धाकट्याने हँडल घेतलं, खाचेत घालायला गेला. ते जाईना. उलटं करून पाहिलं, तोंडाला माती आहे का पाहिलं, अंगठ्याने पुसलं. जाडीलाच जास्त होतं. मी चार तास ज्या दांड्याच्या जोरावर त्या डब्यावर बसले होते तो दुसऱ्याच इंजिनाचा होता.

"बाई," मोठा शांतपणे म्हणाला, "आता उठता काय?"

मी उठले. दुसरं काय करणार? त्याने बाभळीवरचं हँडल काढलं. नियमाप्रमाणे इंजिन त्याचंच होतं. गव्हावालीचे तीन दिवस उरले होते.

तेव्हा ती उठली. त्याच्याकडे गेली नाही, हरभऱ्यात गेली. एक झाड हाताने उलगडून पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "दादा, हा फुलावर हाय."

त्याने हँडल या हातातून त्या हातात घेतलं.

"फुलावरच्या हरभऱ्याले एवढं पाणी कोन देते? फुलं झडतीन नं. तुमच्या मायनं शिकवलं नाई काय?"

"देऊन राह्यलो मी."

"काहून देऊन राह्यले पण?"

त्याने मान खाजवली. धाकट्याने उत्तर दिलं. "इंजिन आलं होतं म्हणून."

मला वाटतं त्या क्षणी आम्हा चौघांनाही दुकानाचा कारभार पूर्ण समजला. इंजिन रिकामं दिसलं म्हणून आणलं, आणलं म्हणून चालवलं. गरज तीन वावरं पलीकडे बसली होती.

मोठ्याने ओल्या साऱ्याकडे, भिजलेल्या वाफ्याकडे पाहिलं, मग कोरड्याकडे. अर्धं वावर राहिलं होतं. त्याने हातातलं हँडल गव्हावालीकडे धरलं. "ने. आन् भासऱ्याले सांग, हरभऱ्यावाल्यानं देल्लं म्हणून. मागं मले बैल देत नव्हता थो."

इंजिन चढवायला चौथं माणूस हवं होतं. भाकरी खाणाऱ्याला हाक मारली, तो काडीमोडीची पुन्हा चौकशी करत आला. दोघं भाऊ, तो आणि गव्हावाली अशा चौघांनी भावांच्याच बंडीत टाकलं. मी पाइप धरले. डिझेलचा डबा मोठ्यानेच बंडीत ठेवला. "हाबी न्या," तो म्हणाला, "नाई त बाई बसतीन कुठी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. मालकांना सांगितलं की हँडल परत आणायचं आहे. आदल्या दिवसासारखं आणखी काही निघू नये, हे खरं कारण. पंप तिच्या विहिरीच्या काठावर नीट बसवला होता. आम्ही बादलीने पंपात पाणी भरलं, हवा निघेपर्यंत. मग तिने पदर खोचला, हँडल लावलं आणि फिरवलं. चाक हलकं फिरावं म्हणून इंजिनावरची कळ मी वर धरून होते. तिने सोड म्हटल्यावर सोडायची होती. पहिल्यांदा मी लवकर सोडली, दुसऱ्यांदा उशिरा. "बाई, तुम्ही रजिस्टरच लिहा," ती धापा टाकत म्हणाली. तिसऱ्यांदा जमलं. इंजिन धूर सोडत सुरू झालं, आणि पाणी आधी थुंकल्यासारखं, मग एकसारखं दांडात पडलं.

ती फावडं घेऊन साऱ्यांकडे गेली. एक सारा भरला की बंद करायचा, दुसरा फोडायचा. मी चप्पल काढून धुऱ्यावर ठेवली आणि वरच्या टोकाला दांड कुठे फुटतो का ते पाहत फिरले. दुपारी तिचा भासरा आला. धुऱ्यावर बराच वेळ उभा राहिला.

"इंजिन कोन देल्लं?" त्याने मला विचारलं.

"आमच्या दुकानाचं हाय."

"तुमच्या दुकानाचं? आन् चालून राह्यलं?"

तो गेला नाही. खालच्या साऱ्याचं तोंड फुटून पाणी रस्त्यावर जायला लागलं होतं, ते त्याने पायाने माती ओढून बुजवलं आणि तिथेच बिडी पेटवली. सगळा गहू ओलायला त्या दिवसासकट दोन दिवस लागले.

दुकानात मालक म्हणाले, "मी सांगतलंच होतं. हँडल हाय म्हणजे इंजिन हाय." मी वाद घातला नाही. ऑइलपेंटचा एक लाल डबा आणला आणि पुढचा महिनाभर गावोगाव फिरून प्रत्येक इंजिनावर आकडा टाकला, तोच त्याला बसणाऱ्या हँडलांवर. जास्तीची हँडलं गोळा केली, ती अकरा निघाली. चाचांनी ती सरळ करून कोणाच्या तरी फाटकाला वापरली. इंजिनं पाच सापडली. सहावं शोधायला मी लांब ढाणकीपर्यंत जायला तयार होते, पण मग चाचांना आठवलं की ते मालकांनी मी येण्याआधीच विकलं होतं. मालक म्हणाले, "हो काय?" आणि चहा सांगितला.

त्यानंतरही ते मोबाइलवर कोणालाही काहीही कबूल करत. मी दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन करून नाही म्हणायचे. असा आमचा जम बसला आणि दुकान चाललं.

गव्हावाली पावसाळ्यात आली, फवारणीचा पंप न्यायला. गहू कसा झाला ते मला आधीच कळलं होतं, कारण एक गाठोडं तिने उन्हाळ्यात काळी-पिवळीवाल्याच्या हाती पाठवलं होतं. दाणा टपोरा होता. पोळ्या मऊ झाल्या, सासूबाईंनीही नावं ठेवली नाहीत.

"यंदा काय पेरलं?" मी पावती लिहिता लिहिता विचारलं.

"पऱ्हाटी."

मी पेन थांबवलं. "सगळ्यात?"

"अर्ध्या वावरात. अर्धं ठेवलं, दिवाळीनंतर पाहीन."

"भासऱ्यानं सांगतलं काय?"

"थो विचारायले आलता," ती म्हणाली, "काय पेरतं म्हणून. मी म्हटलं, अजून ठरवलं नाई. आठ दिवस ठरवलंच नाई मी." मग तिने पंपात पाणी भरून दांडा दाबून पाहिला. नळीच्या जोडातून गळत होतं. तिने तो टेबलावर ठेवला आणि दुसरा मागितला. मी दुसरा दिला.